भोंगे थांबल्यानंतरचं इंदूर

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपल्या सगळ्यांकडे कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग, संध्याकाळी खजराण्याचा गणपती आणि रात्री सराफा. पाहुणे रस्त्याकडे बघत म्हणतात, "काय स्वच्छ आहे हो तुमचं गाव!" आणि आपल्या अंगावर मूठभर मांस चढतं. आमच्याकडेही हेच चालतं. पण गेल्या दोनेक वर्षांपासून मी या यादीत एक फेरा वाढवला आहे. मालवा मिल चौकातून निघायचं, पाटनीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर करत हुकुमचंद मिलच्या बाजूने परतायचं. पाहुणे विचारतात, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख. तो पाहुण्यांसाठी जितका आहे, त्याहून जास्त तुमच्या-माझ्या पिढीसाठी आहे. आपण सकाळी गाडी काढून सुपर कॉरिडॉरला किंवा खंडवा रोडच्या आयटी पार्कला जातो. शहराच्या या बाजूला आपलं काम पडत नाही.

मालवा मिल चौकात उभं राहिलात तर भाजीचे ठेले, मोबाइलची दुकानं, ई-रिक्षांची गर्दी सगळं दिसेल. मिल तेवढी दिसणार नाही. गंमत अशी की पत्ता सांगताना आपण इंदूरकर अजूनही दिवसातून चार वेळा मिलचं नाव घेतो. मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार ब्रिज, भंडारी ब्रिज. जवळच श्रम शिविर आहे. 'कुलकर्णी का भट्टा' नावाची वस्तीही आहे. म्हणजे आपल्यातल्याच कुणा कुलकर्ण्यांचं नाव तिथे चिकटून राहिलं आहे. मिल गेल्या, त्यांची नावं बस थांब्यांना आणि पुलांना उरली.

कापूस, अफू आणि होळकरांचं कर्ज

इंदूर गिरणी-शहर कसं झालं हे बघायचं तर जरा मागे जावं लागेल. माळव्याची काळी जमीन कापसाला चांगली. दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते तेव्हा, १८६६ च्या सुमारास, संस्थानाने स्वतःची कापडगिरणी काढायला घेतली. लोक तिला स्टेट मिल म्हणत. त्या वेळी इंदुरात रेल्वेही नव्हती. ती यावी म्हणून याच तुकोजीरावांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. त्यातून खंडवा ते इंदूर मार्ग झाला. एका संस्थानिकाने सरकारला रेल्वेसाठी कर्ज द्यावं हा व्यवहार मला आजही चकित करतो. त्या रेल्वेने माळव्याचा कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला.

गिरण्यांचा खरा बहर आला तो मात्र विसाव्या शतकात. माळव्यातून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारावर इथल्या सेठ लोकांनी मोठा पैसा कमावला होता. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो व्यापार आटला आणि ते भांडवल कापसाकडे वळलं. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल, स्वदेशी मिल, राजकुमार मिल आणि भंडारी मिल या सगळ्या साधारण १९०९ ते १९२५ या काळात उभ्या राहिल्या किंवा नव्या मालकीत चालू झाल्या. सर सेठ हुकुमचंदांना लोक 'कॉटन किंग' म्हणत. काचमंदिर आपण पाहुण्यांना दाखवतो ते त्यांचंच. त्यामागचा पैसा कुठल्या धुरांड्यातून आला हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

संस्थानाने जमीन दिली, सेठांनी भांडवल लावलं आणि काम करायला माणसं आली. ती उत्तर प्रदेशातून आली, बुंदेलखंडातून, राजस्थानातून आली आणि आपल्या खानदेशातूनही आली. दरबारात कारकुनी आणि शाळेत मास्तरकी करणारं मराठी इंदूर आपल्याला माहीत आहे. साच्यावर आणि मागावर उभं राहणारं मराठी इंदूरही होतं. आपल्या मंडळांच्या इतिहासात त्याची पानं कमी आहेत.

पाळीवर चालणारं गाव

माझे आजोबा एका मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेलं थोडं सांगतो. तीन पाळ्या चालत. पाळी बदलायच्या वेळी भोंगा व्हायचा आणि त्यावर घरोघरची घड्याळं लावली जायची. कुठल्या मिलचा भोंगा कुठला हे आजीला स्वयंपाकघरात बसून कळायचं. कापडखात्यातल्या मागांचा आवाज इतका असायचा की कामगार एकमेकांशी हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. घरी आल्यावरही ती माणसं मोठ्यानेच बोलायची. आजी म्हणायची, "मिलवाल्याच्या घरात गुपित राहत नाही."

कामाची दुसरी बाजूही होती. कापसाचा बारीक तंतू श्वासात जाऊन छाती धरायची. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेलं की हा त्रास जास्त व्हायचा. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. वस्तीत त्याला 'रुई लागली' एवढंच म्हणत. म्हणून गिरणगावाच्या आठवणी काढताना त्यांना फार गुलाबी रंग देऊ नये असं मला वाटतं. ती नोकरी अंग मोडणारी होती. पण तिच्या जोरावर माणूस पोरांची फी भरत होता, मुलीचं लग्न करत होता, नंदानगरात घर करत होता. ईएसआयचा दवाखाना होता, त्याला सगळे बीमा अस्पताल म्हणत. बाजारात त्याला उधारी मिळत होती, कारण दुकानदाराला पगाराची तारीख माहीत होती. कायम नोकरी, दवाखाना, संघटना, घर ही सगळी साखळी मिलला बांधलेली होती. होमी दाजींसारखा कामगार नेता १९६२ मध्ये अपक्ष उभा राहून इंदुरातून लोकसभेवर गेला, तो याच वस्त्यांच्या ताकदीवर.

मिल का बंद पडल्या?

याची उत्तरं ज्याला विचारावं तशी मिळतात. मालक म्हणतात युनियन, युनियन म्हणते मालक, आणि तिसरा म्हणतो सरकार. मला वाटतं, कारणं अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिलं म्हणजे यंत्रं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'टेक्निकल डेट' असा एक शब्द आहे. आज करायची दुरुस्ती उद्यावर ढकलली की ती कर्जासारखी व्याजासकट वाढत जाते आणि एक दिवस सगळी सिस्टीम बसते. गिरण्यांत नेमकं हेच झालं. युद्धाच्या काळात कापडाला वाटेल तो भाव होता, यंत्रं चोवीस तास चालली आणि नफा झाला. त्या नफ्यातून नवी यंत्रं मात्र फार थोडी आली. दुसरं कारण यंत्रमाग. बुऱ्हाणपूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांवर तेच कापड स्वस्तात निघू लागलं, कारण तिथे ना ईएसआय होतं ना प्रॉव्हिडंट फंड. तिसरं कारण टेरिकॉट. लोकांना चुरगळणारं सुती कापड नको झालं.

१९७४ मध्ये देशभरातल्या आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या तीन मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. त्यांना ऑक्सिजन मिळाला, ऑपरेशन काही झालं नाही. मुंबईत १९८२ चा संप झाला आणि तिथलं गिरणगाव एका घावात कोसळलं. आपल्याकडे तसा एकच घाव नव्हता. इथे एकेक खातं, मग एकेक पाळी आणि मग एकेक मिल अशी सावकाश बंद होत गेली. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. २००० नंतरच्या काही वर्षांत उरलेले भोंगेही थांबले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उद्योग गेल्यावर जगातली कितीतरी शहरं रिकामी झाली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती साडेसहा लाखांच्याही खाली आली. तिथे ऱ्हास डोळ्यांना दिसतो. ओस पडलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. इंदूरचं तसं झालं नाही. मिल बंद पडत असताना इंदूर वाढतच होतं. १९९१ ला अकरा लाखांच्या आत असलेलं शहर २०११ मध्ये साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेलं. १९८० च्या दशकात पीथमपूरला मोटारींचे कारखाने आले, पुढे आयआयएम आलं, आयआयटी आलं, मॉल आले. त्यामुळे गिरणगावाचा ऱ्हास झाकला गेला. एका शहरात दोन शहरं तयार झाली, आणि वाढणाऱ्या शहराच्या आवाजात दुसऱ्याचं शांत होणं ऐकूच आलं नाही.

दर रविवारी, मिलच्या फाटकाशी

हुकुमचंद मिल बंद झाली तेव्हा तिथे ५,८९५ कामगार होते. त्यांची ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, इतर देणी सगळं अडकलं. मिल अवसायनात गेली. अवसायन म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याची कायदेशीर प्रक्रिया. रांगेत बँका होत्या, सरकारी खाती होती आणि कामगारही होते. जमीन कुणाची, विकायची कुणी आणि आधी पैसे कुणाला, यातच वर्षं गेली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांचा सुमारे २२९ कोटी रुपयांचा हक्क मान्य केला, तरी पूर्ण रक्कम हातात यायला पुढची सोळा वर्षं लागली.

या सगळ्या काळात कामगार काय करत होते? ते दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमत होते. ऊन असो, पाऊस असो, रविवार चुकवला नाही. कुणी तारखेची बातमी सांगायचं, कुणी गेलेल्या सोबत्याचं नाव सांगायचं. तीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं. शेवटी राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने मिलच्या जमिनीपोटी पैसे भरायची तयारी दाखवली आणि तिढा सुटला. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. लाभार्थी म्हणून सुमारे ४,८०० कामगारांचा आकडा जाहीर झाला. यातल्या कितीतरी नावांपुढे पैसे घ्यायला पत्नी किंवा मुलं होती.

गेल्या वर्षी त्या बाजूला गेलो असताना चहाच्या टपरीवर एक म्हातारे काका भेटले. मूळचे जळगावकडचे, जन्म मात्र परदेशीपुऱ्यातला. मी मराठीत बोलल्यावर खुलले.

"काका, पैसे मिळाले का?"

"मिळाले ना बेटा. पोराच्या खात्यात टाकले. त्यानं ई-रिक्षा घेतली."

"इतकी वर्षं दर रविवारी यायचात. कंटाळा नाही आला?"

"कंटाळा कसला? पाळीच होती ती. मिलनं पाळी बंद केली, आम्ही चालू ठेवली."

त्यांना मी विचारलं, आता इथे काय व्हावं असं वाटतं? ते फाटकाकडे हात करून म्हणाले, "काही पण बांधा. पण इथं काय होतं ते एका पाटीवर लिहा. माझ्या नातवाला वाटतं हे जंगलच होतं."

नातवाचं तरी काय चुकलं? आत खरोखरच जंगल झालं होतं.

कचऱ्यातून सोनं, शंभर वर्षांपूर्वीही

आता सावरण्याकडे वळू. इंदूरच्या सावरण्याची गोष्ट सांगताना सगळे स्वच्छतेपासून सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण पंचविसावे होतो. २०१७ ला पहिले आलो आणि त्यानंतर सलग पहिले येत राहिलो. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा घेणारी गाडी, कचरापेट्या हटवलेले चौक, रात्री धुतले जाणारे रस्ते, हे आपण रोज बघतो. २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडियाला दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला.

पण ही मुळं जुनी आहेत, आणि ती गिरण्यांच्या काळापर्यंत जातात. तिसऱ्या तुकोजीरावांनी पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. शहरात प्लेग होता, गिरण्यांमुळे गर्दी वाढत होती. गेडेस यांनी आधी लोकांना कामाला लावलं. दिवाळीत मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही; जिथली घरं सर्वांत स्वच्छ केलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. झालं! मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस लागली आणि गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं भलंमोठं सोंग होतं, आणि सफाई कामगारांना स्वच्छ कपड्यांत, हार घालून, मानाने चालवलं होतं. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. गिरण्यांच्या बाजूला होणाऱ्या नव्या वस्तीत कामगारांच्या घरांना हवा, झाडं आणि मोकळी जागा मिळावी असा त्यांचा आग्रह होता.

दुसरे गृहस्थ अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ मध्ये कापसाच्या संशोधनासाठी इथे एक संस्था निघाली, ती आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी. कापूस सुधारायचा तर आधी माती सुधारली पाहिजे, असं हॉवर्ड यांचं म्हणणं. शेतातला पाला-काडी, शेण, माती यांचे थर लावून खत करण्याची जी पद्धत त्यांनी इथे बसवली, ती आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. म्हणजे कचऱ्याचं खत करणं या शहराला नवं नाही. ते ज्ञान इथे कापसाच्या निमित्ताने आलं होतं.

आणि आता कापूसही एका अर्थी परत येतो आहे. शेजारच्या धार जिल्ह्यात भैंसोल्याला पंतप्रधान मित्र वस्त्रोद्योग पार्क होतं आहे. त्याची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ ला झाली. सूत कातण्यापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत सगळं एका जागी, अशी कल्पना आहे. ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो झाला की मुंबई जवळ येईल, आणि आपल्या सगळ्यांच्या मामाच्या गावाला जायची सोय होईल ती वेगळीच. ३१ मे २०२५ ला, देवी अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी, मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पाही सुरू झाला. तो आहे सुपर कॉरिडॉरवर.

पाइप कुठपर्यंत पोचला?

इथेच माझा मुद्दा आहे. सावरलेलं इंदूर बहुतेक करून पश्चिमेला, दक्षिणेला आणि शहराबाहेर आहे. ज्या पट्ट्याने शंभर वर्षं शहर पोसलं, त्याच्या वाट्याला काय आलं?

२०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. शेकडो माणसं आजारी पडली, काही दगावली. भागीरथपुरा म्हणजे गिरण्यांच्या शेजारची, कष्टकऱ्यांची जुनी, दाट वस्ती. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात हे झालं म्हणून बातमी देशभर गेली. ती वाचून आपल्यापैकी काहींना शहराची बदनामी झाल्याचं वाईट वाटलं. मला वाटतं, वाईट वाटायचं कारण दुसरं आहे. रस्ता वरून दिसतो, पाइप जमिनीखाली असतो. झाडू मारलेला रस्ता सर्वेक्षणात दिसतो. जुनी पाइपलाइन बदलली का, हे नळ उघडल्यावरच कळतं. गिरण्यांनीही असंच केलं होतं. कापड निघत होतं तोवर यंत्राकडे कुणी बघितलं नाही. शहर सावरलं की नाही हे ठरवायचं तर आधी पाटनीपुऱ्यातला आणि भागीरथपुऱ्यातला नळ उघडून बघावा, सुपर कॉरिडॉरच्या काचेच्या इमारती नंतर मोजाव्या.

४२ एकरांचा प्रश्न

आता हुकुमचंद मिलची जमीन. शहराच्या मधोमध जवळपास ४२ एकर. तीस वर्षं फाटक बंद होतं तेव्हा आत वड, पिंपळ, कडुनिंब, सुबाभूळ अशी झाडं आपोआप वाढली. तिथे घरं आणि व्यापारी संकुल बांधायची योजना आली तेव्हा झाडं वाचवावीत म्हणून नागरिकांनी आंदोलन केलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जमीन विकसित करायचं ठरलं म्हणूनच कामगारांचे पैसे सुटले, हे विसरता येणार नाही. आणि ज्या दाट वस्तीला मोकळी जागा नाही, तिच्या कुशीतलं एकुलतं रान तोडलं तर ते परत येणार नाही, हेही तितकंच खरं.

मुंबईचा अनुभव याबाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. तिथे १९९१ च्या नियमाप्रमाणे विकायच्या गिरणी-जमिनीचे साधारण तीन भाग व्हायचे होते. एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त ज्या जागेवर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच करायची, असा अर्थ त्यातून निघाला आणि शहराच्या वाट्याची जमीन पार आक्रसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. परळ-लोअर परळला आज टॉवर आणि मॉल आहेत, आणि त्यांच्या मधल्या अरुंद रस्त्यांवर माणूस चालू शकत नाही. एका नियमातल्या एका शब्दाने एवढा फरक पडला. जमीन कशाला वापरायची हे असं कागदावर ठरतं, आणि तेव्हा आपण बहुतेक दुसरीकडे बघत असतो.

इंदूरला अजून वेळ आहे. गेडेसच्या अहवालाला शंभरहून जास्त वर्षं झाली, पण त्यातली अपेक्षा आजही जुनी वाटत नाही. झाडांचा मोठा भाग तसाच राखून बाकीच्या जागेवर बांधकाम करता येईल. एक जुनी खात्याची इमारत किंवा धुरांडं राखून तिथे छोटं संग्रहालय करता येईल. मिलच्या कामगारांच्या नातवंडांना तिथेच काही कामधंदा मिळेल असं बघता येईल. हे करायला पैसा लागतो हे खरं. पण आधी ते कुणीतरी मागावं लागतं. काकांनी तर फक्त एक पाटी मागितली आहे.

ज्यांनी झांकी थांबवली नाही

या पट्ट्यात एक गोष्ट कधीच बंद पडली नाही, ती म्हणजे अनंत चतुर्दशीची झांकी. मिलच्या कामगारांनी गणपती बसवायचे आणि विसर्जनाच्या रात्री देखावे सजवून मिरवणूक काढायची, ही परंपरा शंभर वर्षांची झाली. गणेशोत्सव आपल्याकडून आला असला तरी या मिरवणुकीला घाम सगळ्या प्रांतांच्या माणसांचा आहे. मिल बंद पडल्या, पगार थांबले, तरी कामगारांनी वर्गणी काढून, दारोदार फिरून, नगरपालिकेची थोडी मदत घेऊन झांक्या काढल्याच. रात्रभर जेल रोड, एमजी रोड, राजवाडा असा ओघ वाहतो आणि पहाटेपर्यंत लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे असतात. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल अशा पाट्या झांक्यांवर झळकतात. मिल नाहीत, पण त्या एका रात्री सगळ्या हजर असतात.

आपल्या मराठी घरांमध्ये गणपती दीड, पाच किंवा सात दिवसांचा असतो. अनंत चतुर्दशीपर्यंत बऱ्याच घरांत आवराआवर झालेली असते, मुलांच्या चाचणी परीक्षा असतात, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. तरी या वर्षी एक रात्र काढा. मुलांना घेऊन जा आणि झांकीमागे चालणाऱ्या पांढऱ्या केसांच्या माणसांकडे त्यांना बघायला सांगा. घरात कुणी आजोबा, मामा, आत्येचे सासरे मिलमध्ये असतील तर त्यांच्यापाशी बसून फोनवर त्यांचं बोलणं भरून घ्या. कुठलं खातं, कुठली पाळी, पगार किती, भोंगा कसा. मी माझ्या आजोबांच्या मित्रांपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत तिघांचं बोलणं भरून झालं आहे. चौथे काका म्हणाले, "रविवारी ये, इतर दिवशी मला वेळ नसतो." मी रविवारी जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सकाळी आठ वाजता मालवा मिल चौकात भेटू. पोहे माझ्याकडून.